बायबल अडले कुठे?

ऑक्टोबर २००७ मध्ये असोसिएटेड प्रेस या वृत्तसंस्थेने अमेरिकेत एक साधा प्रयोग केला. किंग जेम्स बायबलची प्रत दोन संगणकांवर ठेवली. एक संगणक फिलाडेल्फियाकडचा, दुसरा सॅन फ्रान्सिस्कोकडचा. दोघांनाही इंटरनेट पुरवणारी कंपनी एकच, कॉमकास्ट. बायबल मुद्दाम निवडले होते. १६११ सालच्या त्या भाषांतरावर अमेरिकेत कोणाचाही स्वामित्वहक्क नाही, त्यामुळे चोरीच्या मालाची देवघेव केल्याचा आरोप व्हायला जागा नव्हती. मग बिटटॉरंट हे फाइल वाटण्याचे तंत्र वापरून ती प्रत दुसरीकडे उतरवून घ्यायचा प्रयत्न झाला. तीनपैकी दोन वेळा फाइल जागची हललीच नाही. तिसऱ्यांदा हलली, पण दहा मिनिटे ताटकळत ठेवून.

तपासात जे निघाले ते ‘नेट स्लो आहे’ असे म्हणून सोडून देण्यासारखे नव्हते. दोन्ही टोकांच्या संगणकांना एकेक निरोप मिळाला होता: माझ्याकडून झाले, जोडणी बंद कर. निरोपावर समोरच्या संगणकाचा पत्ता होता. प्रत्यक्षात दोघांपैकी कोणीही तो पाठवलेला नव्हता. तो वाटेतच तयार झाला होता. तयार करणारे यंत्र ज्या कंपनीच्या जाळ्यात बसले होते, तिलाच ग्राहक दरमहा बिल भरत होते.

दोन घरांत सोयरीक जुळत आलेली आहे, बोलणी चाललेली आहेत, आणि मध्यस्थ एका घरी जाऊन सांगतो, ‘त्यांना पुढे जायचे नाही’. मग दुसऱ्या घरी जाऊन तेच सांगतो. दोन्ही घरे एकमेकांवर रुसून बसतात. मध्यस्थावर कोणाचा संशय जात नाही, कारण निरोप पोचवणे हेच तर त्याचे काम. कॉमकास्टने २००७ मध्ये आपल्या ग्राहकांशी नेमके हेच केले. इंटरनेटच्या भाषेत या निरोपाला ‘रिसेट पॅकेट’ म्हणतात. जोडणीत काही बिघडले तर एका संगणकाने दुसऱ्याला कळवावे, यासाठी तो असतो. तिसऱ्याने दुसऱ्याच्या नावावर तो पाठवायचा नसतो.

पत्रकारांच्या कित्येक महिने आधी हा प्रकार एका छंदिष्टाच्या लक्षात आला होता. ऑरेगन राज्यातल्या हिल्सबरो गावी राहणारा रॉब टोपोल्स्की हा सॉफ्टवेअरच्या गुणवत्ता तपासणीत मुरलेला अभियंता. त्याला वेड होते ‘बार्बरशॉप क्वार्टेट’ गायकीचे. चार आवाज, साथीला एकही वाद्य नाही, आणि गाणी शतकभरापूर्वीची. ही जुनी ध्वनिमुद्रणे तो आपल्यासारख्या शौकिनांना इंटरनेटवरून पुरवत असे. मराठी वाचकाला हा माणूस परका वाटायचे कारण नाही. तबकड्यांवरची नाट्यपदे जिवापाड जपणारी आणि एकमेकांना ऐकवणारी मंडळी आपल्याकडेही आहेत. मुंबईत १९९० साली ‘सोसायटी ऑफ इंडियन रेकॉर्ड कलेक्टर्स’ ही संस्था अशाच शौकिनांनी उभी केली. टोपोल्स्कीच्या गाण्यांचा प्रवाह एकाएकी आटला. दुसरा कोणी असता तर त्याने मोडेम बंद करून पुन्हा चालू केला असता, कॉल सेंटरला फोन लावला असता आणि गप्प बसला असता. टोपोल्स्कीला नेटवर्किंगचे शास्त्र माहीत होते. त्याने येणारे-जाणारे पॅकेट, म्हणजे माहितीचे तुकडे, टिपून घेतले, दुसऱ्या जोडणीवर तीच चाचणी करून पाहिली, आणि २००७ च्या मे महिन्यात जाहीरपणे सांगितले की कॉमकास्ट फाइल-शेअरिंगच्या जोडण्या तोडते आहे. त्यासाठी कॅनडातल्या वॉटर्लूच्या सँडव्हाइन या कंपनीची यंत्रे वापरली जात असावीत, हेही त्यानेच ओळखले. पुढे इलेक्ट्रॉनिक फ्रंटियर फाउंडेशन या संस्थेच्या तंत्रज्ञांनी स्वतंत्र चाचण्या केल्या आणि बनावट पॅकेटांचा सविस्तर अहवाल नोव्हेंबरमध्ये प्रसिद्ध केला.

अडवले जात होते ते नेमके काय, हे नीट पाहिले पाहिजे. ब्रॅम कोहेन या अमेरिकन प्रोग्रामरने २००१ मध्ये बिटटॉरंट तयार केले. त्यामागची कल्पना कॉलेजातल्या कोणालाही चटकन कळेल. वर्गात एकाकडेच नोट्स आहेत आणि साठ जणांना त्या हव्या आहेत. साठही जण त्याच्याच दारात रांग लावून उभे राहिले तर परीक्षा उजाडेल. त्याऐवजी प्रत्येकाने वेगवेगळी पाने उतरवून घेतली आणि मग आपापसांत अदलाबदल केली, तर तासाभरात सगळ्यांकडे पूर्ण वही तयार होते. मागणारे वाढले की देणारेही वाढतात. मोठा सर्व्हर भाड्याने घ्यायची ज्याची ऐपत नाही, त्यालाही लाखो लोकांपर्यंत पोचता येते. लिनक्स या मोफत संगणकप्रणालीच्या आवृत्त्या अशा वाटल्या गेल्या. ‘वर्ल्ड ऑफ वॉरक्राफ्ट’ या खेळाच्या दुरुस्त्या त्याच्या कंपनीने याच मार्गाने खेळाडूंपर्यंत पोचवल्या. नासाने पृथ्वीची उपग्रहचित्रे अशीच लोकांना खुली केली.

चोरीचे चित्रपट आणि गाणीही याच मार्गाने वाहत होती, आणि प्रचंड प्रमाणात. ते लपवून हा युक्तिवाद करता येणार नाही. पण सँडव्हाइनचे यंत्र चोर आणि साव यांच्यात फरक करत नव्हते. त्याला कळत होता तो वाहनाचा प्रकार. बिटटॉरंटची गाडी दिसली की अडवायची. आत बायबल आहे, लिनक्स आहे की नुकताच थिएटरात लागलेला चित्रपट, याच्याशी त्याला कर्तव्य नव्हते. म्हणून ‘आम्ही चोरी रोखत होतो’ ही सबब या प्रकरणात कोणालाच घेता येत नाही. कॉमकास्टनेही तिच्यावर भर दिला नाही. तिचा मुद्दा वेगळा होता आणि तो तपासून पाहण्याजोगा होता.

कंपनीचे म्हणणे असे: जाळे सामाईक आहे आणि थोडे ग्राहक ते सगळ्यांसाठी तुंबवतात. यात तथ्य होते. केबलचे जाळे मुळात घरोघर चित्रे पोचवण्यासाठी टाकलेले, म्हणजे वाहतूक एकाच दिशेने. पुढे त्याच तारेवर इंटरनेट बसवले तेव्हा घरातून बाहेर जाणाऱ्या माहितीच्या वाट्याला ५ ते ४२ मेगाहर्ट्झ एवढीच अरुंद पट्टी आली. बाकी सगळी रुंदी घरात येणाऱ्या माहितीसाठी. शिवाय ही पट्टी अनेक घरांत वाटलेली. रस्ता जाताना आठ पदरी आणि परतताना बैलगाडीपुरता, अशी ही रचना. वेबपाने वाचणाऱ्याला तिची अडचण कधी जाणवली नाही, कारण तो मागतो थोडे आणि घेतो पुष्कळ. बिटटॉरंटवाला मात्र घेतो तसा देतोही. फाइल पूर्ण झाल्यावरही संगणक चालू ठेवून इतरांना पुरवत राहणे, म्हणजे ‘सीडिंग’, हा त्या समूहातला शिष्टाचार आहे. कॉमकास्टच्या यंत्रांचा रोख मुख्यतः या सीडिंगवरच होता.

तेव्हा गर्दी होती, हे मान्य. प्रश्न आहे तो गर्दीवर योजलेल्या उपायाचा.

पहिली गोष्ट, उपाय गर्दीपुरता नव्हता. जर्मनीतल्या माक्स प्लांक इन्स्टिट्यूट फॉर सॉफ्टवेअर सिस्टिम्समधल्या संशोधकांनी, ज्यांत कृष्णा गुम्मडी होते, २००८ मध्ये ‘ग्लासनोस्ट’ नावाची चाचणी तयार केली. जगभरच्या हजारो सामान्य माणसांनी ती आपापल्या घरून चालवली. अमेरिकेत कॉमकास्ट आणि कॉक्स, सिंगापुरात स्टारहब, यांच्या जाळ्यांवर बिटटॉरंटची अडवणूक दिसली. ती संध्याकाळच्या गर्दीच्या वेळेपुरती नव्हती, दिवसाचे चोवीस तास चालू होती. पहाटे चार वाजता मोकळ्या रस्त्यावर गाड्या अडवणारा पोलीस वाहतूक सांभाळत असतो, असे कोण म्हणेल?

दुसरी गोष्ट, यंत्राचा नेम चुकत होता. लोटस नोट्स हे कार्यालयांत ईमेलसाठी वापरले जाणारे सॉफ्टवेअर. त्याच्या जोडण्यांवरही तेच बनावट निरोप येऊन आदळत असल्याचे त्याच सुमारास आढळले. फाइल-शेअरिंगशी ते वापरणाऱ्यांचा सुतराम संबंध नव्हता. आपले ईमेल का अडते आहे हे त्यांना कळायला मार्गच नव्हता.

तिसरी गोष्ट हितसंबंधाची. कॉमकास्ट ही तेव्हा अमेरिकेतली सर्वांत मोठी केबल टीव्ही कंपनी होती. तिचा मुख्य धंदा चित्रे विकण्याचा होता. बिटटॉरंटच्या तंत्रावर रीतसर परवान्याने व्हिडिओ पुरवणारी व्ह्यूझ ही कंपनी अमेरिकेच्या फेडरल कम्युनिकेशन्स कमिशनकडे, म्हणजे एफसीसीकडे, दाद मागायला गेली तेव्हा तिचे गाऱ्हाणे सरळ होते: ज्याच्या रस्त्यावरून आमचा माल जातो त्याचेच दुकान आमच्या समोर आहे. कॉमकास्टने त्याच हेतूने हे केले असे सिद्ध झालेले नाही. पण ज्या व्यवस्थेत असा हेतू बाळगता येतो आणि कोणाला दिसतही नाही, ती व्यवस्था एकट्या कंपनीच्या सचोटीवर सोडणे चूक आहे.

आणि या सगळ्यांहून गंभीर ते नाकारणे. आधी कंपनीने सांगितले की आम्ही कोणतीही वाहतूक मंदावत नाही. असोसिएटेड प्रेसचा प्रयोग छापून आल्यावर भाषा बदलली: काही वाहतूक आम्ही ‘विलंबाने’ पुढे सोडतो, अडवत नाही. ज्याची जोडणी तुटली तो पुन्हा प्रयत्न करीलच, म्हणून तो विलंब, असा हा शब्दच्छल. सिनेमाच्या तिकीट खिडकीवरच्या माणसाला रांगेतून बाहेर काढायचे आणि म्हणायचे, तुला कुठे नकार दिलाय, पुन्हा मागे उभा राहा की!

एफसीसीने दोन जाहीर सुनावण्या घेतल्या. पहिली २५ फेब्रुवारी २००८ रोजी हार्वर्डच्या विधी महाविद्यालयात. वाहतुकीत भेदभाव न करण्याच्या तत्त्वासाठी ‘नेट न्यूट्रॅलिटी’ हा शब्दप्रयोग रूढ करणारे प्राध्यापक टिम वू तिथे बोलले, इंटरनेटच्या जडणघडणीत हात असलेले डेव्हिड क्लार्क आणि डेव्हिड रीड बोलले. सभागृह इतके लवकर भरले की आलेल्या कित्येकांना दारातून परत जावे लागले. पैसे देऊन जागा धरायला माणसे आणल्याचे नंतर कॉमकास्टने स्वतःच कबूल केले. त्यांतले काही सुनावणी चालू असताना खुर्चीत डुलक्या घेत होते. जाळ्यावर रांग कशी लावावी याची चर्चा जिथे व्हायची होती, तिथल्या रांगेतही पैशाने घुसखोरी झाली. दुसरी सुनावणी एप्रिलमध्ये स्टॅनफर्डला झाली. तिथे टोपोल्स्की साक्षीला उभा राहिला. कॉमकास्ट आली नाही.

१ ऑगस्ट २००८ रोजी एफसीसीने तीन विरुद्ध दोन मतांनी कॉमकास्टला दोषी ठरवले. अध्यक्ष केव्हिन मार्टिन रिपब्लिकन पक्षाचे, बाजारात सरकारी हात नको म्हणणाऱ्यांतले; या मतदानात ते दोन डेमोक्रॅट सदस्यांसोबत गेले. त्यांनी दिलेला दाखला टपालखात्याचा होता: पोस्टाने तुमचे पत्र उघडून पाहिले, पोचवायचे नाही असे ठरवले, आणि वर ‘पत्ता सापडत नाही’ असा शिक्का मारून परत धाडले तर तुम्ही खपवून घ्याल का? आदेशात दंड नव्हता. काय केले ते सविस्तर सांगा आणि वर्षअखेरीपर्यंत बंद करा, एवढेच होते.

याच्या पुढचा भाग वर्तमानपत्रांत फारसा गाजला नाही, पण सगळ्या वादाचा निकाल त्यातच लागला आहे. कॉमकास्टने खरोखरच नवी पद्धत बसवली, आणि तिचा तांत्रिक तपशील २०१० मध्ये इंटरनेटच्या मानकांचे काम पाहणाऱ्या मंडळामार्फत सर्वांना वाचायला खुला केला. पद्धत अशी. आधी पाहायचे की त्या भागातली तार भरत आली आहे का. भरत आली नसेल तर कोणालाच हात लावायचा नाही. भरत आली असेल, तर गेल्या पंधरा मिनिटांत आपल्या वाट्याच्या वेगाच्या सत्तर टक्क्यांहून अधिक सतत कोण वापरतो आहे ते शोधायचे, आणि तेवढ्याच ग्राहकाची वाहतूक काही वेळ इतरांच्या मागे ठेवायची. त्याचा वापर उतरला की पुन्हा पूर्ववत. तो बिटटॉरंट वापरतो, व्हिडिओ पाहतो की कचेरीचा बॅकअप पाठवतो, हे यंत्र विचारत नाही. बनावट निरोप नाही, तोतयेगिरी नाही, लपवाछपवी नाही.

म्हणजे हे शक्य होते. ज्या कंपनीने दुसरा इलाजच नाही असे भासवले, तिनेच काही महिन्यांत दुसरा इलाज करून दाखवला. इंटरनेट पुरवणाऱ्यांनी यापुढे कुठेही, कोणत्याही देशात, ‘अमुक प्रकारची वाहतूक ओळखून दाबल्याशिवाय जाळे चालत नाही’ असे म्हटले तर त्यांच्यापुढे कॉमकास्टचाच हा कागद ठेवावा. ओझे मोजून गर्दी आवरता येते. गाठोडे सोडून आत पाहण्याची गरज पडत नाही. आणि ओझे मोजण्याचा नियम ग्राहकाला आधी सांगता येतो, त्याची खातरजमा करता येते, त्यावर भांडता येते.

बिटटॉरंट कंपनीच्या बाजूनेही हालचाल झाली. त्या कंपनीच्या अभियंत्यांनी पाठवण्याची अशी रीत बसवली की वाटेत पॅकेटांची रांग साचू लागली, उशीर वाढू लागला, की फाइल-शेअरिंगने आपणहून मागे सरावे आणि घरातल्या दुसऱ्या कोणाच्या फोनकॉलला किंवा वेबपानाला वाट द्यावी. तीही पुढे २०१२ मध्ये मानकांच्या त्याच मंडळामार्फत प्रसिद्ध झाली. मार्च २००८ मध्ये कॉमकास्ट आणि बिटटॉरंट यांनी एकत्र बसून तोडगा काढण्याचे जाहीर केले होते. ते सुनावण्यांच्या रेट्याखाली झाले हे खरे, पण भांडण संपायला लागणारे तंत्र दोन्ही बाजूंकडे होते. आधी कमी पडला होता तो खरे सांगण्याचा मनोदय.

कॅनडातली कथा अधिक खेदजनक आहे, कारण तिथे नियामकाने बराच काळ डोळेझाक केली. तिथल्या बेल कंपनीने दुपारी साडेचारपासून रात्री दोनपर्यंत फाइल-शेअरिंगचा वेग दाबायला सुरुवात केली. मार्च २००८ मध्ये तर तिने आपल्या तारा भाड्याने घेऊन स्वतंत्र धंदा करणाऱ्या छोट्या पुरवठादारांच्या ग्राहकांनाही त्याच दाव्याला बांधले, आणि तेही त्यांना आधी न सांगता. कोणी बेलच्या धोरणाला कंटाळून छोट्या कंपनीकडे गेला असेल, तर तिथेही बेलचाच हात त्याच्या नळावर. योगायोग असा की त्याच महिन्यात सीबीसी या सार्वजनिक प्रसारण संस्थेने आपला एक कार्यक्रम बिटटॉरंटवर मोफत दिला होता. करदात्यांच्या पैशाने तयार झालेला तो कार्यक्रम उतरवून घेताना कॅनडाच्या नागरिकांना तासन्‌तास वाट पाहावी लागली. छोट्या पुरवठादारांची तक्रार नियामक आयोगाने नोव्हेंबर २००८ मध्ये फेटाळली. वर्षभराने आयोगाने सर्वांसाठी नियम घालून दिले आणि अशा वाहतूक-व्यवस्थापनाची माहिती ग्राहकाला आधी देणे बंधनकारक केले. १ मार्च २०१२ पासून बेलने ही दाबादाबी स्वतःच थांबवली. कारण काय दिले? जाळ्याची क्षमता वाढली आहे, आणि लोक आता फाइल-शेअरिंगपेक्षा थेट व्हिडिओ पाहण्याकडे वळले आहेत. जो उपाय अटळ म्हणून आयोगापुढे मांडला गेला होता, तो तारा वाढवल्यावर अनावश्यक ठरला.

अमेरिकेत कायदा मात्र आजवर एका जागी टिकलेला नाही. कॉमकास्ट एफसीसीच्या आदेशाविरुद्ध न्यायालयात गेली आणि ६ एप्रिल २०१० रोजी वॉशिंग्टनच्या अपील न्यायालयाने तिच्या बाजूने एकमताने निकाल दिला. कॉमकास्टने केले ते योग्य होते, असे न्यायालय म्हणाले नाही. असा आदेश देण्याचा अधिकार अमेरिकी काँग्रेसने एफसीसीला दिलेला नाही, एवढेच म्हणाले. मग एफसीसीचे भेदभावबंदीचे नियम आले, २०१४ मध्ये बव्हंशी रद्द झाले. २०१५ मध्ये अधिक भक्कम पायावर आले, डिसेंबर २०१७ मध्ये आयोगाच्याच नव्या बहुमताने काढून टाकले. एप्रिल २०२४ मध्ये परत आले, २ जानेवारी २०२५ रोजी दुसऱ्या एका अपील न्यायालयाने पुन्हा रद्द ठरवले. कॅलिफोर्नियासारख्या राज्यांनी आपले वेगळे कायदे केले म्हणून तिथे काही आधार उरला आहे. आणि ज्यांच्या जोडण्या तोडल्या त्या ग्राहकांना काय मिळाले? सामूहिक दाव्यात कॉमकास्टने १ कोटी ६० लाख डॉलरवर तडजोड केली. चूक कबूल केली नाही. एकेका ग्राहकाच्या वाट्याला आले फार तर १६ डॉलर.

भारतात या बाबतीत कागदावर स्थिती बरी आहे, आणि ती लोकांनी मिळवलेली आहे. २०१५ मध्ये ट्रायने, म्हणजे भारताच्या दूरसंचार नियामकाने, इंटरनेट सेवांच्या नियमनावर मते मागवली तेव्हा दहा लाखांहून अधिक ईमेल गेले. एरवी असल्या सरकारी मसुद्यांकडे ढुंकूनही न पाहणारी तरुण पिढी जागी झाली, त्यात मुंबईच्या विनोदी कलावंतांनी केलेल्या व्हिडिओचा मोठा हात होता. ८ फेब्रुवारी २०१६ रोजी ट्रायने संकेतस्थळ पाहून वेगळे दर लावायला मनाई केली. २०१७ च्या नोव्हेंबरमध्ये वाहतुकीत भेदभाव करू नये अशी शिफारस केली, आणि जुलै २०१८ मध्ये सरकारने ती स्वीकारली. गर्दी आवरण्याची मुभा त्यात आहे, पण उपाय प्रमाणशीर हवा, तात्पुरता हवा आणि उघड हवा. कॉमकास्टचे २००७ चे यंत्र या तिन्ही कसोट्यांवर नापास झाले असते.

आपल्याकडे घरोघरी परिचयाचे आहे ते एफयूपी, म्हणजे ‘फेअर यूसेज पॉलिसी’. महिन्याचा कोटा संपला की स्पीड घसरतो आणि माणूस चिडतो. पण कॉमकास्टच्या तुलनेत एफयूपीचा नियम सरळ आहे. तो वापर मोजतो, वापराचा प्रकार पाहत नाही, आणि कधी लागू होणार ते सांगतो. ट्रायने २०१६ मध्ये घरगुती ब्रॉडबँड कंपन्यांना बजावले की कोट्याचा ५०, ९० आणि १०० टक्के वापर झाल्यावर ग्राहकाला कळवा, आणि कोटा संपल्यावरही वेग ५१२ केबीपीएसच्या खाली नेऊ नका. राग यायला हवा तो जाहिरातीतल्या ‘अनलिमिटेड’ या शब्दाचा, कारण तिथे पुन्हा ग्राहकाला एक सांगून दुसरेच दिले जाते.

टॉरंटबाबत भारतात एक गमतीशीर उलटा अनुभवही आला. इथल्या अनेक लहान पुरवठादारांना महाग पडत होती ती बाहेरून विकत घ्यावी लागणारी बँडविड्थ. शहरातल्या शहरात, स्वतःच्याच तारांवर फिरणारी माहिती त्यांना जवळजवळ फुकट. म्हणून त्यांनी टॉरंटच्या फाइल आपल्याच जाळ्यात साठवल्या, ग्राहकांना एकमेकांकडून घ्यायला लावल्या, आणि ग्राहकाला त्याच्या प्लॅनपेक्षा जास्त वेग टॉरंटवर मिळू लागला. अमेरिकेत ज्या वाहतुकीची गचांडी धरली, तिलाच इथे पायघड्या. तेव्हा ‘तांत्रिक अपरिहार्यता’ हा शब्द कोणी उच्चारला की आधी विचारावे, तार कुठे अरुंद आहे आणि ती रुंद करायचा खर्च कोण टाळतो आहे. इथल्या पायघड्याही भेदभावच आहेत, हे विसरू नये. आज ज्याला मर्जीने वाट दिली, त्याची उद्या मर्जीने अडवणूकही करता येते.

फाइल-शेअरिंग आता मागे पडले, लोक ओटीटी पाहतात, मग ही जुनी कथा कशाला उगाळायची, असे कोणाला वाटेल. कारण ते यंत्र मागे पडलेले नाही. प्रवाहात डोकावून कोणते पॅकेट कशाचे आहे हे ओळखणारी यंत्रे जाळ्यात एकदा बसवली की ती बिटटॉरंटपुरती राहत नाहीत. २०१७ मध्ये सँडव्हाइनचे प्रोसेरा या दुसऱ्या कंपनीशी विलीनीकरण झाले. पुढल्याच वर्षी टोरांटोच्या सिटिझन लॅब या संशोधन संस्थेने दाखवून दिले की या कंपनीची यंत्रे तुर्कस्तानातल्या जाळ्यात बसवून लोकांना पाळत ठेवणाऱ्या सॉफ्टवेअरकडे वळवले जात होते. ऑगस्ट २०२० मध्ये बेलारूसमध्ये निवडणुकीवरून निदर्शने पेटली आणि सरकारने इंटरनेटचा गळा आवळला, त्यातही सँडव्हाइनच्या सामग्रीचा वापर झाल्याचे उघड झाले आणि कंपनीला तो करार रद्द करावा लागला. फेब्रुवारी २०२४ मध्ये इजिप्तमधल्या वापरावरून अमेरिकी सरकारने तिला निर्बंधांच्या यादीत टाकले. कंपनीने अशा देशांतून काढता पाय घेतल्यावर त्याच वर्षी ऑक्टोबरमध्ये ते निर्बंध उठवले. अरुंद तारेवरची गर्दी आवरण्याच्या नावाखाली ज्या कौशल्याला बाजारपेठ मिळाली, त्याच कौशल्याने पुढे माणसांची तोंडे बंद केली.

म्हणून नियम असणे पुरेसे नाही. तो मोडला जातो आहे हे दिसले पाहिजे. कॉमकास्टचे प्रकरण उघडकीस आले ते सरकारी तपासणीत नाही, कंपनीच्या कबुलीतून तर नाहीच. एका माणसाला पॅकेट वाचता येत होते आणि त्याची गाणी अडली, या योगायोगातून ते बाहेर आले. ज्या ग्राहकांना पॅकेट वाचता येत नव्हते, ते महिनोन्‌महिने आपल्याच मोडेमला दोष देत बसले असतील. एवढ्या मोठ्या सार्वजनिक व्यवस्थेची राखण योगायोगावर सोडता येणार नाही. फ्रान्सच्या दूरसंचार नियामकाने यातला मार्ग दाखवला आहे. अमेरिकेतल्या नॉर्थईस्टर्न विद्यापीठातले डेव्हिड चॉफ्नेस आणि सहकारी यांनी ‘वीही’ नावाचे ॲप तयार केले, आणि फ्रान्सच्या नियामकाने ते आपल्या नागरिकांच्या हाती दिले. एखाद्या व्हिडिओ सेवेची वाहतूक हे ॲप एकदा जशीच्या तशी चालवते आणि एकदा ओळखता येणार नाही अशी करून चालवते. दोन वेगांत फरक पडला की वाटेत कोणीतरी माल ओळखून हात घातला असे समजायचे. याच चाचणीने अमेरिकी मोबाइल कंपन्या व्हिडिओचा वेग गर्दी नसतानाही कापत असल्याचे दाखवून दिले.

ट्रायने सप्टेंबर २०२० मध्ये वाहतूक-व्यवस्थापनावर लक्ष ठेवायला कंपन्या, तज्ज्ञ आणि ग्राहक यांचे एकत्रित मंडळ असावे अशी शिफारस केली होती. त्या मंडळाला दात हवेत. अशा चाचण्या त्याने स्वतः, न कळवता, शहरांत आणि तालुक्यांच्या गावी घेतल्या पाहिजेत, निकाल कंपनीच्या नावासह प्रसिद्ध केले पाहिजेत, आणि प्रत्येक पुरवठादाराने आपण कोणती वाहतूक केव्हा व कशी मागे ठेवतो हे ग्राहकाच्या भाषेत, बिलासोबत लिहून दिले पाहिजे. तोवर वाचकाच्या हाती एवढे आहे: पुढच्या वेळी एकच सेवा अडखळते आणि बाकी सगळे सुरळीत चालते असे दिसले, तर मोडेम बंद-चालू करून सोडून देऊ नका. दिवस आणि वेळ टिपून ठेवा, चाचणी घ्या, कंपनीकडे लेखी तक्रार करून तक्रार क्रमांक मागून घ्या, आणि उत्तर मिळाले नाही तर त्याच क्रमांकाच्या आधारे कंपनीच्या अपील प्राधिकरणाकडे दाद मागा.